टाकी कमी केली तेव्हा: टिळकवाडीतल्या एका खानावळीचं प्रकरण

बेळगावात टिळकवाडीच्या कॉलेज भागात दोन जावा मिळून खानावळ चालवतात. दुपारी साठ-सत्तर ताटं, रात्री थोडी कमी. जेवायला येणारी पोरं बहुतेक खानापूर, चंदगड, निपाणीकडची. काही उद्यमबागच्या कारखान्यांत कामाला असलेली. ताटात भाकरी किंवा चपाती, एक भाजी, आमटी, भात. ही खानावळ गॅसवरून विजेवर जायला निघाली आणि निम्म्या वाटेवर थांबली. ती कशामुळे थांबली, तिला मागे ओढायला कोण आलं आणि पुढे न्यायला कोण आलंच नाही, याची ही नोंद. दोघींची नावं आणि गॅस एजन्सीचं नाव देत नाही. हिशेब त्यांच्या वहीवरून आणि बिलांवरून त्यांच्याबरोबर बसून केलेला आहे.

तेल आणि गॅसच्या कंपन्या स्वच्छ ऊर्जेशी कशा लढतात, हे आपण अमेरिकेतल्या बातम्यांत वाचतो. कोर्ट, वकील, जाहिराती, कोट्यवधी डॉलर. आपल्याकडे यातलं काहीच दिसत नाही, म्हणून आपल्याकडे ती लढाईच नाही असं वाटतं. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे ती खानावळीच्या मागच्या दारात चालते, आणि तिथे एकच बाजू हजर असते.

वहीतला हिशेब

खानावळीला महिन्याला सात-आठ निळ्या टाक्या लागत. निळी टाकी म्हणजे १९ किलोची, धंद्याची. तिच्यावर १८ टक्के जीएसटी. घरगुती लाल टाकी १४.२ किलोची, तिच्यावर ५ टक्के. निळ्या टाकीचा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो. मेसची फी मात्र वर्षभर तीच ठेवावी लागते, कारण पोरांच्या घरून येणारा पैसा ठरलेला असतो. विजेचा विचार सुरू झाला तो इथून. पर्यावरण वगैरे नंतर आलं, आणि दोघी ते लपवतही नाहीत.

एक किलो एलपीजीत साधारण पावणेतेरा युनिट इतकी उष्णता असते. म्हणजे १९ किलोच्या टाकीत सुमारे २४० युनिट. पण खानावळीच्या मोठ्या बर्नरवर, मोठ्या पातेल्याखाली, यातली निम्मी उष्णता भिंतीला आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या तोंडाला लागते. पातेल्यात जाते ती १२० युनिटांच्या आसपास. इंडक्शनवर तेवढीच उष्णता पातेल्यात घालायला १४० युनिट वीज पुरते, कारण तिथे पातेल्याचा तळच तापतो आणि वाया जाणारा भाग थोडा असतो.

व्यावसायिक विजेचा दर आपल्याकडे युनिटला सात-आठ रुपये धरला तर एका टाकीचं काम हजार-अकराशे रुपयांत होतं. टाकीला वहीत सतराशे-अठराशे लिहिलेले. यावर भर पडते ती वाढीव लोडच्या स्थिर आकाराची (किलोवॅटला महिन्याला दोनशेच्या वर) आणि वीजकराची. सगळं धरूनही महिन्याला दोन-तीन हजार वाचताना दिसत होते. खानावळीच्या धंद्यात ही रक्कम लहान नाही. एका मदतनीस बाईच्या पगाराचा तो मोठा हिस्सा आहे.

घरगुती स्वयंपाकाचं गणित मात्र असं सरळ नाही. घरच्या शेगडीची कार्यक्षमता बरी असते, टाकीवर कर कमी असतो, उज्ज्वला योजनेत टाकीमागे ३०० रुपये खात्यात येतात. कर्नाटकात गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत वीज फुकट, असं सगळे म्हणतात. पण योजना २०२३ मध्ये आली तेव्हा प्रत्येक घराचा हक्क त्याच्या आदल्या वर्षाच्या सरासरी वापरावर, वर दहा टक्के धरून ठरवला गेला. ज्या घराची सरासरी ६० युनिट, त्याला ६६ फुकट. त्या घरानं इंडक्शन घेतलं की वरच्या प्रत्येक युनिटला पैसे, आणि एकूण वापर २०० च्या पुढे गेला तर सगळंच बिल अंगावर. विजेवर स्वयंपाक सुरू करणाऱ्या गरीब घरालाच हा नियम अडवतो. योजना करणाऱ्यांच्या मनात ते नसेल. पण परिणाम तोच होतो.

खानावळीला गृहज्योतीचा संबंध नाही, आणि लाल टाकी वापरली नाही तर सबसिडीचाही नाही. म्हणून इथे विजेची बाजू स्वच्छ जिंकत होती. हे प्रकरण निवडलं ते त्यासाठीच. जिथे पैशाचं गणित विजेच्या बाजूनं आहे तिथेही बदल अडतो, तेव्हा अडवणारी गोष्ट कुठली हे नीट दिसतं.

गॅसवाले आले

दोघींनी साडेतीन किलोवॅटच्या दोन व्यावसायिक इंडक्शन शेगड्या घेतल्या. भात, आमटी, उसळ त्यावर. भाकरी-चपाती आणि फोडणी गॅसवर. टाक्या सात-आठवरून तीन-चारवर आल्या.

पहिल्यांदा टाकी आणणारा पोऱ्याच बोलला, की अक्का, करंट बसेल हं ओल्या हातानं. मग पुढच्या आठवड्यात एजन्सीचे मालक स्वतः आले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच स्वयंपाकघरात आले होते. चहा घेतला. म्हणाले, "अक्का, लाईट गेली की पोरांना काय घालणार सांगा बघू? आणि भाकरी फुगतेय होय त्याच्यावर?"

त्यांचं म्हणणं एकेक घेऊन बघायला हवं, कारण त्यातलं सगळं खोटं नव्हतं.

लाईट जाण्याचा मुद्दा खरा आहे. टिळकवाडीत कमी, पण पावसाळ्यात तिथेही जाते. दोघींचं माहेर जांबोटीच्या बाजूला आहे. तिथे जुलैत झाड पडून तार तुटली की दिवस दिवस अंधार असतो. कणकुंबी, जांबोटीच्या घरांना कुणी नुसत्या इंडक्शनचा सल्ला देत असेल तर त्यानं तिथला एक पावसाळा काढलेला नाही. मळ्यातल्या वस्तीवर तर व्होल्टेजच इतकं खाली येतं की शेगडी चालू होऊन बंद पडते. शहरातल्या खानावळीला हे लागू होत नाही, एवढंच.

भाकरीचा मुद्दा निम्मा खरा. सपाट लोखंडी तवा इंडक्शनवर तापतो, भाकरी भाजतेही, आणि फडक्यानं दाबत फिरवली तर फुगते. पण जाळावर शेवटची बाजू धरल्यावर जो पापुद्रा सुटतो तो तसा येत नाही, आणि शंभरावर भाकऱ्या करायच्या तर हात जाळाला सरावलेला असतो. धाकटीनं भाकरी गॅसवरच ठेवली ती याचसाठी. तिचा निर्णय योग्य आहे असं मला वाटतं.

तिसरा मुद्दा मात्र साफ खोटा होता. इंडक्शनमधून किरणं निघतात, बायकांच्या पोटाला त्रास होतो, जेवणात उतरतात, असं मालक म्हणाले. इंडक्शनमध्ये तांब्याच्या वेटोळ्यातून उलटसुलट प्रवाह जातो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रानं पातेल्याच्या तळात प्रवाह फिरतो आणि तळ तापतो. अन्नात काही उतरत नाही. छातीत पेसमेकर बसवलेल्या माणसानं डॉक्टरला विचारून थोडं अंतर ठेवावं, एवढी खबरदारी आहे. बंद खोलीत जळणाऱ्या गॅसच्या ज्योतीतून मात्र नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, आणि तो श्वसनाला वाईट, दम्याच्या मुलांना विशेष. त्याबद्दल कुणी चहा प्यायला येऊन सांगत नाही.

बोलून झाल्यावर सवलत आली. टाकीमागे बरेच पैसे कमी, आणि मागच्या बोळात चार टाक्यांची जोडणी पाइपसकट फुकट बसवून देतो, अट एकच: महिन्याला ठरावीक टाक्या घ्यायच्या. ही सवलत एजन्सीला कशी परवडते? घरगुती टाकीचं कमिशन सरकार ठरवतं, टाकीमागे सत्तर रुपयांच्या वर. त्यात हलवायला जागा नाही. उज्ज्वलाचं गिऱ्हाईक वर्षाला सरासरी चार-पाचच टाक्या घेतं. एजन्सीची खरी कमाई निळ्या टाक्यांवर, म्हणजे हॉटेलं, खानावळी, कार्यालयं यांच्यावर. एक खानावळ अर्ध्यावर आली की एजन्सीला कित्येक उज्ज्वला घरं गेल्यासारखं होतं. मालक आले ते त्यामुळे. त्यांच्याकडेही ड्रायव्हर आहेत, पोरं आहेत, गोदामाचं भाडं आहे. मी त्यांना खलनायक करत नाही.

जोडणी दोघींनी नाकारली. मग एक गोष्ट घडली जिचा कागदावर कुठेच पुरावा नाही. टाकी उशिरा यायला लागली. पूर्वी सकाळी फोन केला की दुपारी टाकी दारात; आता उद्या, परवा. विचारलं तर उत्तर, "जास्त घेणाऱ्यांचं आधी द्यावं लागतंय की अक्का." यातही व्यापाराच्या दृष्टीनं चूक काढता येत नाही. पण परिणाम असा की, जो निम्मा विजेवर गेला त्याचा उरलेला निम्मा गॅस भरवशाचा राहत नाही. पूर्ण गॅसवर राहणं सोपं, निम्म्यावर राहणं अवघड. आणि पूर्ण विजेवर जायला भाकरी आडवी.

आणि उधारी

माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि ऊर्जेच्या अहवालांत ती कुठेच सापडत नाही.

पोरांची फी महिन्याच्या दहा तारखेपर्यंत येत राहते. काहींची पंधरापर्यंत, काहींची उसाचं बिल निघाल्यावर. एजन्सी टाकी उधार देते. वहीत लिहायचं, फी आली की द्यायचे. वर्षानुवर्षं असंच चाललंय. हा विश्वास आहे, आणि तो मराठीत बोलला जातो.

विजेचं तसं नाही. लोड वाढवायला हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, सेक्शन ऑफिसात गेल्यावर (आमच्याकडे अजून सगळे केईबीच म्हणतात) अर्ज, वायरिंगवाल्या परवानाधारक ठेकेदाराची सही, तीन फेजचा मीटर, आणि दोन महिन्यांच्या वापराएवढं डिपॉझिट. वापर वाढला की पुढच्या वर्षी वाढीव डिपॉझिटची नोटीस. बिलाला शेवटची तारीख, ती चुकली की लाइनमन दारात. नोटीस कन्नडमध्ये. थोरलीला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. धाकटीची मुलगी शाळेत कन्नड शिकते, ती वाचून सांगते. ऑफिसातल्या माणसांनी त्यांना वाईट वागवलं नाही, हे दोघी आवर्जून सांगतात. पण आरआर नंबर (बिलावरचा ग्राहक क्रमांक) सांगा, तो अर्ज भरा, यापलीकडे त्यांना सांगायला कुणाकडे काही नव्हतं. गॅस विकणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक टिकवायचं असतं. वीज मंडळात असं काम कुणाच्या वाट्याला आलेलंच नाही.

म्हणजे गॅसकडे दारात येणारा माणूस, उधारी, सवलत, आपली भाषा. विजेकडे डिपॉझिट, नोटीस, रांग. महिन्याला दोन-तीन हजारांची बचत या दोन्हींच्या मध्ये चिरडली जाते.

अमेरिकेत काय झालं

तिकडचं उदाहरण घेण्याचं कारण, तिथेही पुढे केलेला मोहरा खानावळवालाच होता. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरानं २०१९ मध्ये नव्या इमारतींना गॅसची जोडणी द्यायची नाही असा ठराव केला. अमेरिकेतला तो पहिला. त्याविरुद्ध कोर्टात गेली ती कॅलिफोर्नियाची रेस्टॉरंट असोसिएशन. म्हणणं असं की ज्योतीशिवाय आमचं खाणं होणार नाही. २०२३ मध्ये अपील कोर्टानं ठराव केंद्रीय कायद्याशी विसंगत ठरवला आणि २०२४ मध्ये शहरानं तो मागे घेतला. दरम्यान २०२० मध्ये ॲरिझोनानं, आणि पाठोपाठ वीसहून जास्त राज्यांनी, कुठल्याही शहराला गॅसवर बंदी घालता येणार नाही असे कायदे केले. त्यांच्यामागे गॅस कंपन्यांची ताकद होती.

तिथल्या गॅस उद्योगानं १९३० च्या दशकातच गॅसवरच्या स्वयंपाकाची एक घोषणा रेडिओवरून लोकांच्या तोंडी बसवली होती. १९७० नंतर नायट्रोजन डायऑक्साइडवर प्रश्न उठू लागले तेव्हा त्यांच्या संघटनेनं शंका निर्माण करणाऱ्या संशोधनाला पैसे पुरवले. अलीकडे इन्स्टाग्रामवरच्या स्वयंपाक करणाऱ्यांना पैसे देऊन निळ्या ज्योतीचे फोटो टाकून घेतले.

बेळगावच्या एजन्सीमालकाला यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही. तरी त्यांच्या तोंडची वाक्यं तीच होती: ज्योत, चव, भीती. कारण धंदा तोच आहे, आणि धोक्यात आला की तो तेच बोलतो.

आपल्याकडे गोष्ट वेगळी कुठे आहे

आपल्याकडे गॅस विकणाऱ्या तिन्ही मोठ्या कंपन्या, इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम, सरकारी आहेत. त्यांना बर्कलीसारखा खटला भरायची गरज नाही. धोरण आणि धंदा एकाच खात्यात. पेट्रोलियम खात्यानं २०१६ मध्ये उज्ज्वला आणली आणि कोट्यवधी घरांतला धूर कमी केला. खानापूरच्या जंगलकडेच्या गावांत चुलीच्या धुरात डोळे गेलेल्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे या योजनेला मी कमी लेखणार नाही. पण एलपीजीचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग आपण आयात करतो. धुरापासून सुटका झाली, ती परदेशातून येणाऱ्या जहाजाच्या भरवशावर.

इंडियन ऑइलनं स्वतःच २०२२ मध्ये ‘सूर्य नूतन’ नावाची शेगडी दाखवली, जी छतावरच्या सोलर पॅनेलवर आणि गरज पडली तर विजेवर चालते. सुरुवातीची किंमत अठरा ते तीस हजार. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूरच्या इंडिया एनर्जी वीकमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ती पुढे आणली. तेल कंपनीनं अशी शेगडी करणं मला खरंच आवडलं. पण टिळकवाडीतल्या दोघींनी ती पाहिलेली नाही, आणि त्यांच्या एजन्सीत तिचा साधा कागदही नव्हता. ज्या साखळीतून टाकी रोज दारात येते त्या साखळीला ही शेगडी विकण्यात काय मिळणार?

दुसऱ्या बाजूला ऊर्जा खात्याखालच्या ईईएसएल या सरकारी कंपनीनं नोव्हेंबर २०२३ मध्ये २० लाख इंडक्शन शेगड्यांचा कार्यक्रम जाहीर केला. ईईएसएलच्या मालकांत एनटीपीसी आहे, आणि एनटीपीसी ही देशातली सगळ्यात मोठी कोळशावर वीज करणारी कंपनी. देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाचीच. तेव्हा गॅस विरुद्ध वीज ही लढाई बरीचशी गॅस विरुद्ध कोळसा अशीही आहे, आणि दोन सरकारी खाती आपापलं इंधन ओढतात. कोळशाचा इंडक्शनला विरोध नाही; त्याला ते गिऱ्हाईक आहे. विजेची बाजू घेताना हे विसरून चालणार नाही.

तरी कर्नाटकात चित्र बरं आहे. शरावतीचं पाणी, तुमकूर जिल्ह्यातला २,०५० मेगावॅटचा पावगड सोलर पार्क, सौंदत्तीकडच्या माळावरच्या पवनचक्क्या, आणि हंगामात चिकोडी-अथणीच्या साखर कारखान्यांची चिपाडावरची वीज. खानावळीचा मुख्य स्वयंपाक सकाळी नऊ ते दुपारी एक, म्हणजे उन्हाच्या विजेच्या वेळात. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत सौर तासांचा दर निदान वीस टक्के कमी असावा असं आहे, पण एप्रिल २०२४ चा पहिला टप्पा १० किलोवॅटच्या वरच्या व्यावसायिक ग्राहकांचा, आणि शेती सोडून बाकीच्यांचा एप्रिल २०२५ पासूनचा. दोन शेगड्यांची खानावळ १० किलोवॅटच्या खालीच राहते. ज्यांचा स्वयंपाक सूर्याच्या वेळेत बसतो त्या लहान धंद्यांचाच नंबर या सवलतीत मागचा.

आत्ता कुठे आहे

भात-आमटी इंडक्शनवर, भाकरी गॅसवर. एजन्सी बदलून पाहिली. दुसरी एजन्सी टाकी वेळेवर देते, उधार देत नाही. बचत होते, पण पहिल्या पंधरवड्यात हात आखडतो. तीन फेजचा अर्ज भरला आहे, डिपॉझिटचे पैसे बचत गटाकडून घेण्याचं चाललं आहे. भाकरीसाठी मोठा सपाट तवा धाकटी घरच्या जेवणावर करून बघतेय.

वीजदर ठरवण्याआधी कर्नाटकचा वीज नियामक आयोग, म्हणजे केईआरसी, हेस्कॉमच्या प्रस्तावावर लोकांच्या हरकती मागवतो आणि सुनावणी घेतो. दोघींनी आणि भागातल्या आणखी काही खानावळवाल्यांनी अर्ज करायचं ठरवलं आहे. मागण्या साध्या: १० किलोवॅटखालच्या खानावळींनाही सौर तासांचा दर, डिपॉझिट हप्त्यांत, नोटीस मराठीतही. कन्नड मसुदा धाकटीच्या मुलीनं केला. सह्या जमतायत, पण काही खानावळवाले टाळतात. ते लाल टाक्यांवर स्वयंपाक करतात, आणि इंधनाचा हिशेब लिहून द्यायचा म्हटलं की त्यांना नको वाटतं.